तिसरं कडवं

रविवारच्या उपासनेला जेवढी माणसं तोंड उघडून गात, त्यांतल्या निम्म्यांच्या तोंडातले दात दातवालीने केलेले होते. ही फुशारकी नव्हे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती एकवीस वर्षं कवळ्या बनवत होती, आणि चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांचे दात पडले की ती सगळी तिच्याच डॉक्टरांकडे येत. त्यामुळे ती पुढे उभी राहिली की समोरचे चेहरे तिला चेहऱ्यांसारखे दिसतच नसत. तिसऱ्या बाकावरच्या आजोबांची वरची कवळी 'स' आला की शिट्टी मारते आहे, खिडकीशी बसणाऱ्या बाईंनी आज खालची घरीच ठेवली आहे, असलंच काहीतरी डोक्यात चालू असे. तोंडाने मात्र देवाची स्तुती, तीही सूर तसूभर न ढळता.

तिचं चर्चमधलं काम गाणं उचलण्याचं. पाळकांनी गाण्याचा नंबर सांगितला की पेटीवाले काका पायपेटीवर एक ओळ वाजवत, मग दातवालीने पहिला शब्द उचलायचा आणि तिच्यामागून दीडशे माणसांनी गायचं. ती उचलत नाही तोवर कोणी हूं की चूं करत नसे. हे काम ती वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून करत होती आणि आता सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. लग्नाचं कोणी विचारलंच तर 'दातांच्या व्यापात राहून गेलं' म्हणायची. दोनशेच्या वर गाणी तिला तोंडपाठ होती. गीतपुस्तक हातात असे, पण ते शोभेला.

मात्र त्या दोनशे गाण्यांतलं तिसरं कडवं तिला एकाचंही येत नव्हतं. तिलाच काय, कोणालाच येत नव्हतं. त्या चर्चची रीतच तशी होती: पहिलं, दुसरं आणि एकदम शेवटचं. तिसरं पुस्तकात छापलेलं असे, पण ते म्हणायचं नसतं, हे तिथली पोरं चालायला शिकता शिकताच शिकत. का म्हणायचं नाही, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नसे.

तर गाणी अशी तोंडपाठ, गळा असा कमावलेला, आणि आतून बाई वर्षभर कोरडी ठणठणीत.

तिची धाकटी बहीण गेल्या वर्षी गेली. नऊ महिने आजारी होती. त्या नऊ महिन्यांत दातवालीने काय करायचं बाकी ठेवलं? रोज संध्याकाळी काम संपलं की प्लास्टरने पांढरे झालेले हात धुवायची आणि थेट धाकटीच्या उशाशी जाऊन बसायची. उपास केले, गुडघे टेकले, सगळ्या मंडळीला प्रार्थनेला बसवलं, येतील तेवढी गाणी म्हटली. धाकटी अडतिसाव्या वर्षी गेलीच. त्या दिवसापासून दातवालीने देवाशी अवाक्षर काढलं नव्हतं. रविवारी उभी राहायची, गाणं उचलायची, कारण गळ्याला सवय होती. पण डोळे मिटून 'हे देवा' म्हणायला गेलं की पुढे काही नाही. पलीकडे कोणी फोन उचलणार नाही हे माहीत असताना नंबर लावावा, तसं वाटायचं. याचा तिला भयंकर संताप यायचा. देवाचा यायचा, स्वतःचा यायचा, आणि 'ताई, तुमच्या गाण्याने किती बळ मिळतं हो' म्हणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण हत्तीवरून नव्हे, आपल्यावरूनच पडली असावी, असं तिला वाटे.

घरी आई होती. आई ऐंशीची, कानाने पक्की, चालायला खमकी. दिवेलागणीला ती खुर्चीत ताठ बसायची आणि म्हणायची, "मोठे, कर सुरुवात." म्हणजे घरची प्रार्थना कर. धाकटीच्या आजारपणात ही प्रार्थना तासतासभर चाले. आता दातवालीने त्यावर एक युक्ती काढली होती. "आई, आधी एक गाणं म्हणू या," असं म्हणून ती गाणं सुरू करी, ते संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, आणि तोवर जेवायची वेळ होई. मग आई स्वतःच डोळे मिटून पाव तास गप्प बसे. तिचा तो शांत चेहरा बघून दातवालीला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होई. पोटची पोर गेली तरी या बाईचा विश्वास जागचा हलला नाही, आणि आपण गाण्याआड लपून बसलोय!

वर्ष असंच निघालं असतं, पण आईने बुधवारी घोळ घातला. बायकांच्या सभेहून ती घरी आली आणि पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "येत्या रविवारी धाकटीला वर्ष होतंय. मी पाळकांना सांगून आले. आठवणीची प्रार्थना तू करणार, पुढे उभी राहून."

"मी?" दातवालीने पाण्याचा पेला आपटून ठेवला.

"मग काय शेजारीण करेल? बहीण कोणाची?"

"अगं, पण मला विचारायचं तरी."

"यात विचारायचं काय? घरातल्या माणसानेच करायची असते."

"मग तू कर ना. मी गाणं म्हणते, तू प्रार्थना कर."

"माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. तुझा रस्त्यापर्यंत जातो," आई म्हणाली आणि आत निघून गेली. विषय संपला.

खरं तर एक वाक्य पुरेसं होतं. आई, मला प्रार्थना येत नाही आता. पण जिची एक लेक मातीत गेली, तिला दुसरी देवापासून दूर गेली हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगायचं नाही म्हटलं, तर रविवारी दीडशे लोकांपुढे, धाकटीचं नाव घेऊन, देवाच्या घरात उभं राहून धडधडीत खोटं बोलायचं. गाणं खोटं म्हणता येतं, शब्द दुसऱ्याचे असतात. प्रार्थना आपल्या शब्दांत करायची असते. इकडे आड, तिकडे विहीर. दातवालीने त्या रात्री भांडी इतकी आपटली की आईने आतून विचारलं, "घरात नवी घ्यायचीत का?"

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये गाण्यांचा सराव असे. नवे पाळक येऊन सहाच महिने झाले होते. वयाने कोवळे, उत्साहाने उतू जाणारे. पाळक आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असला की त्याला 'पाळकसाहेब' म्हणताना जीभ जरा अडखळते, तशी दातवालीची अडखळायची. त्यांनी रविवारसाठी धाकटीच्या आवडीचं गाणं निवडलं होतं. कोणी सांगितलं असेल ते उघडच होतं. गाणं साधंच, जुनं:

*तुझ्या हाती माझा हात,*
*तुझ्या पायी माझी वाट,*
*तूच माझी संध्याकाळ,*
*तूच माझी रे पहाट.*

"आणि ताई," पाळक म्हणाले, "या वेळी चारही कडवी म्हणू या."

"तिसरं आपल्याकडे म्हणत नाहीत, पाळकसाहेब."

"हो, ते लक्षात आलंय माझ्या. पण का बरं?"

"नाही म्हणत."

"काहीतरी कारण असेल ना?"

कारण तिला माहीत नव्हतं, म्हणून तिला जास्तच राग आला. तिने पेटीवाल्या काकांकडे पाहिलं. काका सत्तरीचे. ते पेटीमागे बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. चार पायऱ्या चढून आले की त्यांचा हा कार्यक्रम ठरलेला असे.

"कारण आहे की," काका म्हणाले. "माझ्या आधी जे वाजवायचे, त्यांच्या वेळची गोष्ट. तेव्हा आपल्यानंतर अकरा वाजता याच हॉलमध्ये दुसरी मंडळी यायची. आपले तेव्हाचे पाळक म्हणजे एकदा बोलायला उभे राहिले की देवाला सुद्धा बसवत नसे. ती माणसं बिचारी दाराशी येऊन खोकत उभी राहायची. प्रवचन काही आटपेना, मग गाणी कापली. प्रत्येकातलं एक कडवं. तिसरं."

"आणि ती दुसरी मंडळी कुठे गेली?" पाळकांनी विचारलं.

"त्यांनी स्वतःची इमारत बांधली ना. पस्तीस वर्षं झाली असतील."

पाळक खो खो हसले. सरावाला आलेल्या पाच-सहा जणी हसल्या. काकाही हसले, तेव्हा त्यांची वरची कवळी सुटून खाली आली आणि त्यांनी ती अंगठ्याने परत बसवली. दातवालीला मात्र ते हसणं झोंबलं. अठ्ठावीस वर्षं आपण एक नियम जपला, चुकून कोणी तिसरं धरलं तर डोळे वटारून त्याला गप्प केलं, आणि त्यामागे काय, तर दाराशी कोणीतरी खोकत होतं!

"म्हणजे आता आम्ही इतकी वर्षं चुकलो म्हणायचं," ती म्हणाली.

"तसं नाही हो ताई, पण लिहिणाऱ्याने चार कडवी काही विचार करूनच..."

"चाल तीच आहे ना? मग सराव कसला? रविवारी म्हणेन." तिने पुस्तक फाटकन मिटलं, पिशवी उचलली आणि निघाली.

"अगं पोरी, माझे गुडघे चार कडव्यांना पुरतील का ते तरी विचार!" काका मागून ओरडले. तिने ऐकलं नाही.

शुक्रवारी ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्रार्थना लिहायला बसली. समोर प्लास्टरचा जबडा, त्यावर मेणात रोवायचे दात ओळीने मांडलेले, आणि बाजूला कामाची चिठ्ठी. त्या चिठ्ठीच्या पाठीवर तिने लिहिलं, 'हे दयाळू पित्या, तुझ्या इच्छेपुढे आम्ही नम्र आहोत.' नम्र? ती नम्र नव्हती, ती दात ओठ खात होती. तिने ते खोडलं. 'तू आम्हाला धीर दिलास.' कधी दिला? तेही खोडलं. 'धाकटी आता वेदनेतून सुटली.' हे खरं होतं, पण त्यासाठी आभार मानायचे म्हणजे घर जाळणाऱ्याला ऊब मिळाली म्हणून धन्यवाद देण्यासारखं. खोड. चिठ्ठीची पाठ संपली तेव्हा तिने दुसरी घेतली.

दुपारी डॉक्टर आत आले, मेणातली कवळी हातात घेऊन दिव्याखाली धरली आणि बघतच राहिले.

"ताई, हे काय केलंत? डाव्या दाढा उजवीकडे बसवल्यात."

एकवीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. तिने कवळी हातात घेतली, पाहिली, आणि सगळे दात एकेक करून मेणातून उपटायला सुरुवात केली. डॉक्टर शहाणे होते, हळूच बाहेर गेले. ते दात उपटताना तिला जे बरं वाटलं, तेवढं वर्षभरात कशाने वाटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रार्थना तयार झाली. असल्या वेळी सगळेच म्हणतात तीच वाक्यं तिने एकापुढे एक लावली. तू दिलंस, तूच नेलंस, तुझं नाव धन्य असो. आम्हाला सहन करायचं बळ दे. मोत्यांसारख्या अक्षरात तिने ती स्वच्छ कागदावर उतरवली आणि कागद गीतपुस्तकात घातला. झकास प्रार्थना होती. तिच्यातला एकही शब्द खरा नव्हता.

रविवारी चर्च भरलेलं होतं. आई दुसऱ्या बाकावर, ठेवणीतले कपडे घालून बसली होती. पाळक धाकटीबद्दल दोन शब्द बरे बोलले. मग त्यांनी गाण्याचा नंबर सांगितला आणि ठासून म्हणाले, "आज चारही कडवी म्हणू या. गाणं झालं की ताई प्रार्थना करतील." दीडशे माणसांनी माना डोलावल्या.

पण मान डोलवणं वेगळं आणि जिभेचं वळण वेगळं. त्या गाण्यात प्रत्येक कडवं दोनदा म्हणायचं असे. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं, 'ऊन लागो, थंडी लागो, तुझी सावली पुरेल' हे सगळे तल्लीन होऊन गायले. गाणं उचलायचं काम दातवालीचं, पण एकदा गाडी चालू झाली की पुढच्या कडव्यांना तिची वाट कोणी बघत नसे. काकांनी श्वासभर थांबून पुन्हा चाल धरली, आणि ज्या दीडशे जणांनी आत्ताच माना डोलावल्या होत्या, त्याच दीडशे जणांनी डोळे मिटून थाटात शेवटचं कडवं सुरू केलं.

*दार उघडले आता,*
*आत घेतलेस मला...*

दातवालीचं टाळकं सरकलं. गुरुवारी तिने नको म्हटलं तेव्हा सगळे हसले, आणि आज सांगितलेलं करायची वेळ आली तर एकाच्याही डोक्यात उजेड नाही! आपणही त्यांच्याबरोबर शेवटचं म्हणावं, गाणं उरकावं, कागद वाचावा आणि सुटावं, हे सोपं होतं. पण ती हट्टाला पेटली होती. चारही म्हणायचं ठरलंय ना, मग चारही. तिने पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि वरच्या पट्टीत, ठणकावून, तिसरं कडवं धरलं.

*हाक मारून थकलो,*
*तुझे दार उघडेना...*

एकाच चालीवर दोन कडवी एकमेकांच्या उरावर बसली. दीडशे तोंडांनी दार उघडलेलं, एका तोंडाने बंद. लोकांनी डोळे उघडले. काहीतरी चुकतंय एवढं कळलं, काय ते कळेना. कोणी शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावलं, कोणी पानं उलटायला लागलं, शिट्टीवाल्या आजोबांनी दोन्ही कडव्यांतले शब्द आलटूनपालटून म्हणून पाहिले. मग एकेक जण गप्प होत गेला. कडवं दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा सगळ्या चर्चमध्ये फक्त तिचा आवाज आणि काकांची पेटी उरली होती.

पहिल्या खेपेला ती रागाने नुसते शब्द फेकत होती. दुसऱ्या खेपेला, त्या शांततेत, ते तिला ऐकू आले.

*हाक मारून थकलो,*
*तुझे दार उघडेना,*
*तुझ्यावरी रागावलो,*
*तरी पाऊल हलेना.*

हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कोणीतरी देवाच्या दाराशी उभं राहून, मुठी दुखेपर्यंत दार वाजवून, हे असं तोंडावर म्हणून ठेवलं होतं. ते छापून पुस्तकात घातलं होतं, आणि ते पुस्तक अठ्ठावीस वर्षं दर रविवारी तिच्या हातात होतं. वर्षभर ती समजत होती की देवाचा राग आला म्हणजे आपली प्रार्थना संपली, आपण बाहेरचे झालो. आणि इथे तर राग चालीवर बसवून भर उपासनेत म्हणायला दिला होता. स्तुतीच्या आधी. तो गाळून सगळे जण एकदम उघड्या दारातून आत घुसत होते.

आणि तेव्हाच तिला धाकटी आठवली. शेवटच्या महिन्यात, हेच गाणं उशाशी बसून म्हणताना, धाकटीने खोल गेलेल्या आवाजात विचारलं होतं, "दार उघडलं म्हणतेस, पण ते बंद कधी झालं गं? मधलं काय आहे?" आणि हिने सांगितलं होतं, "मधलं आपण म्हणत नाही." पोर नऊ महिने बंद दाराशी पडून होती, आणि बहीण शेजारी बसून उघड्या दाराची गाणी म्हणत होती. पुस्तक पिशवीत होतं. फक्त उघडायचं होतं.

'हलेना'वर तिचा आवाज फुटला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटचं कडवं तिने उचललंच नाही. काकांनी चाल अर्धी ओळ वाजवली, तिच्याकडे पाहिलं आणि पाय थांबवले. पेटीतली हवा हळूहळू निघून गेली. पाळक उठायला लागले होते, तेही परत बसले.

ती तिथेच उभी होती. प्रार्थना तिनेच करायची होती. कागद पुस्तकात होता. तिने तो काढला नाही. डोळेही मिटले नाहीत.

"देवा," ती म्हणाली, आणि या वेळी पुढे शब्द होते. "मी वर्षभर तुझ्याशी बोलले नाही. त्याआधी नऊ महिने रोज बोलले. तू ऐकलं असशील तर मला कळलं नाही. माझी बहीण अडतीस वर्षांची होती. तिला जगायचं होतं. मी तुझ्यावर रागावले आहे. खूप रागावले आहे. रोज संध्याकाळी मी गाणी म्हणते ती तुझ्याशी बोलावं लागू नये म्हणून म्हणते. आज मी इथे खोटं वाचायला कागद आणला होता." ती थांबली. नाक ओढलं. "मला दुसरीकडे जाता येत नाही. तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाला जाब विचारू? म्हणून इथे उभी आहे. एवढंच आहे माझ्याकडे."

शेवटी 'आमेन' म्हणायचं असतं. तिला ते म्हणायचा धीर होईना. असल्या प्रार्थनेला आमेन म्हणतात का? खिडकीशी बसणाऱ्या बाईंनी तर तोंडावर हात ठेवला होता.

"आमेन," दुसऱ्या बाकावरून आवाज आला. आवाज बारीक होता, पण मागच्या भिंतीपर्यंत गेला. आई होती.

मग काकांनी पेटीमागून म्हटलं. मग कुठून कुठून, तुटक, सगळ्यांनी.

उपासना संपल्यावर दातवाली तडक बाहेर निघाली. दारात खिडकीवाल्या बाईंनी तिला गाठलंच. "देवाला असं बोलतात का गं?" त्या म्हणाल्या. पाळक मागेच उभे होते. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, विचार बदलला आणि नुसतं दार धरून ठेवलं. तेवढ्याबद्दल तिने त्यांना मनातल्या मनात चार गुण दिले.

रस्त्यावर आईने तिचा दंड धरला. दोघी घराकडे चालू लागल्या. आई आमेन म्हणाली खरी, पण ते लोकांसमोर लेकीची लाज राखायला असेल. घरी गेल्यावर काय? शेवटी तिलाच राहवेना.

"आई, चुकलं का माझं? तुझ्या मनाला लागलं असेल. पण मला तुझ्यासारखं नाही जमत. तुझ्यासारखं शांत डोळे मिटून..."

"कोण शांत?" आई म्हणाली.

"तू. रोज पाव तास."

आई थांबली. रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी, दंड न सोडता.

"मोठे, वर्षभर मला एक शब्द सुचत नाहीये. 'देवा' म्हटलं की धाकटीचे हात दिसतात, काड्यांसारखे. पुढे जीभच वळत नाही. म्हणून तर तुला म्हणायचे ना, तू कर. म्हटलं, तू धरलंस तर तुझ्यामागून जाईन, गाण्यात सगळे जातात तशी. आणि तू आपली गाणीच म्हणत सुटलीस! मला काय कळणार? मला वाटलं, हिचं बरं चाललंय, हिला गायचं सुचतंय. आपलंच काहीतरी मेलं आतून. तुला सांगायची लाज वाटायची."

"मग डोळे मिटून काय करत होतीस?"

"कधी रडायचे. कधी झोप लागायची." आईने पदराने नाक पुसलं. "आज तू म्हणालीस ना, जाब विचारायला दुसरं कोण आहे? वर्षभर मी तेच शोधत होते, शब्द मिळत नव्हता."

दातवालीला हसावं की रडावं कळेना. एका घरात, एका खोलीत, समोरासमोर बसून दोघींनी एकमेकींसाठी वर्षभर सोंग वठवलं होतं. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईने तिला हाताने गप्प केलं.

"आता इथे नको. घरी चल लवकर," ती म्हणाली. "मलाही त्याला चार शब्द सुनवायचेत." आणि ऐंशी वर्षांची ती बाई लेकीचा दंड सोडून तिच्यापुढे ताडताड चालू लागली.